कोर्सचा सहावा दिवस आणि बॅग भरायचा विचार

पत्र:

ताई, नमस्कार. मी ३९ वर्षांची, साताऱ्याची. पतसंस्थेत १४ वर्षं नोकरी करतेय, आणि गेली ६ वर्षं रोज सकाळी घरी योग करते. आमच्या कॉलनीतल्या बायकांचा क्लास घ्यायचा असं खूप दिवस मनात होतं, म्हणून बिनपगारी रजा टाकली आणि साठवलेल्या पैशातनं ऋषिकेशला २८ दिवसांचा, २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स लावला. मुलं (११ आणि ७) सासूबाई आणि नवऱ्यावर सोपवून आलेय. आज सहावा दिवस. पहाटे ५ ला उठायचं, सकाळी दीड तास अष्टांग (ठरलेल्या क्रमाने एकामागून एक आसनं करायची दमवणारी पद्धत), संध्याकाळी दीड तास हठयोग, मध्ये सगळे थिअरीचे तास, रात्री ८ ला सुटतो. बॅचमध्ये २२ जण, बरेचसे परदेशी, पंचविशीतले. त्यांना चक्रासन वगैरे सहज येतं आणि माझे हात पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून बसून पुढे वाकताना) पावलांपर्यंत जेमतेम पोचतात. परवा सरांनी पाठीवर दाब दिला तेव्हापासून उजव्या कुल्ल्याखाली, ज्या हाडावर आपण बसतो तिथे, टोचल्यासारखं दुखतंय. सांगितलं तर म्हणाले हा अहंकार आहे, सोडून दे. ॲनाटॉमी इंग्लिशमधून, निम्मं डोक्यावरून जातं. काल पहिल्यांदा शिकवायची वेळ आली, नुसतं ताडासन सांगायचं होतं, त्यातही डावं-उजवं चुकलं आणि सगळ्यांसमोर रडले. रात्री मुलीचा फोन आला की परत रडू येतं. परत येऊ का? पैसे गेले तरी चालतील. या वयात हे करायला नको होतं का?

– एक वाचक, सध्या ऋषिकेश

उत्तर:

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि सगळ्यात आधी त्या हाडापाशीच्या दुखण्याशीच अडकले, म्हणून बाकीचं सगळं नंतर, पहिलं ते. (अगं-तुगं करतेय, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.)

बघ, कोर्सच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच अंग आंबतं. मांड्या, दंड, पोट, बरगड्यांमधले स्नायू, अगदी शिंकलं तरी कळतं. हे आंबणं दोन्ही बाजूंना सारखं असतं, स्नायूच्या मधल्या मांसल भागात असतं, थोडं हललं-चाललं की सैल होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. त्याची काळजी करू नकोस. तुझं दुखणं तसलं नाहीये. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, आणि तेही हाडापाशी. मांडीच्या मागे जे हॅमस्ट्रिंगचे तीन स्नायू आहेत ते वर जाऊन बैठकीच्या हाडाला चिकटतात, आणि गुडघा ताठ ठेवून पुढे वाकलं की सगळी ओढ त्या चिकटलेल्या जागेवर येते. तिथला कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) दुखावला की तो ताणून बरा होत नाही, ताणला की अजून चिडतो. योग करणाऱ्यांमध्ये हे दुखणं इतकं सर्रास दिसतं तरी लोक तिथेच ताणत बसतात, कारण दुखतंय म्हणजे जागा आखडलीये असं वाटतं आणि आखडलीये म्हटल्यावर अजून ताणायचं. मीही तेच केलं होतं. माझ्या कोर्समध्ये दुसऱ्या आठवड्यात हेच झालं, सांगायची लाज वाटली, रोज दात-ओठ खाऊन वाकत राहिले, आणि घरी आल्यावर जवळजवळ दहा महिने मला एसटीत तासभर सलग बसता येत नव्हतं. सर्टिफिकेट मिळालं होतं, पण पुढे वाकून शिकवताच येत नव्हतं. ते आठवलं म्हणून तुला एवढं तपशिलात लिहितेय.

आता एक हिशोब कर. अष्टांगात पारंपरिक पद्धतीने सूर्यनमस्कार अ पाच आणि ब पाच घालतात. प्रत्येकात उत्तानासन (उभ्याने पुढे वाकणं) दोनदा, म्हणजे उत्तानासनंच झाली २०. अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर) अ मध्ये एकदा आणि ब मध्ये तीनदा, ती अजून २०. त्यानंतर पादांगुष्ठासन, पादहस्तासन, प्रसारित पादोत्तानासनाचे चार प्रकार, पार्श्वोत्तानासन, आणि मग खाली बसून पश्चिमोत्तानासन, जानुशीर्षासनं. तुमच्याकडे संख्या थोडी कमी ठेवली असेल, तरी सकाळच्या त्या दीड तासात तुझ्या त्या हाडाला किती वेळा ओढ बसते बघ, आणि संध्याकाळी परत तेच. घरी तू सहा वर्षं रोज अर्धा-पाऊण तास करत असशील, तिथून एकदम रोजचे तीन तास. कुठलंही शरीर बोलणारच, पंचविशीतल्यांचंही बोलतंय, ते सांगत नाहीयेत इतकंच.

म्हणून उद्यापासून पुढे वाकायचं प्रत्येक आसन गुडघे वाकवून. थोडेसे नाही, चांगले वाकवून, पोट मांडीला टेकेल इतके. श्वानासनातही गुडघे वाकलेले आणि टाचा वर. पश्चिमोत्तानासनात घडी घातलेलं ब्लँकेट बुडाखाली घे आणि हात नडगीवर ठेवून थांब, पावलांचं नावच काढू नकोस. हनुमानासन (पाय पुढे-मागे पूर्ण ताणून बसणं), उपविष्ट कोणासन (पाय फाकवून पुढे वाकणं) वगैरे पूर्ण बाजूला. त्याऐवजी सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) कर, सावकाश वर जायचं, पाच-सहा श्वास थांबायचं, सावकाश खाली, कारण त्या स्नायूला आत्ता ताणापेक्षा हलकं काम हवंय. मात्र त्यातही टोचलं तर थांबायचं. थिअरीच्या तासाला कडक जमिनीवर तासन् तास मांडी घालून बसू नकोस, भिंतीला पाठ लावून दोन ब्लँकेटवर बस, नाहीतर खुर्ची माग. आणि पायात मुंग्या यायला लागल्या, पाय बधिर वाटला, मांडीच्या मागे काळंनिळं झालं किंवा काही तुटल्यासारखा आवाज आला तर कोर्सचं वेळापत्रक न बघता डॉक्टरकडे जा, एम्स ऋषिकेशातच आहे.

आता सरांचं. पाठीवर दाब द्यायचा की नाही हे तुझ्या हातात आहे, आणि ते क्लास सुरू व्हायच्या आधी सांगायचं, वाकलेली असताना नाही, कारण त्या क्षणी आवाजच फुटत नाही. सरळ जाऊन म्हणायचं, सर, उजव्या बाजूला दुखापत आहे, आठ-दहा दिवस मला हात लावून ॲडजस्ट करू नका, मी गुडघे वाकवून करणार आहे. एवढंच, सॉरी वगैरे काही नाही. आणि हे दुखण्यापुरतंच नाही हं, कुणाचाही कुठलाही स्पर्श नको वाटला तर कारण न देता नाही म्हणता येतं, आणि स्पर्शाबद्दल मनात किंचितही खटकलं तर त्या क्लासमधून उठून बाहेर यायचं आणि त्याच दिवशी बॅचमधल्या दुसऱ्या एकीला आणि घरी सांगायचं.

"हा अहंकार आहे" या वाक्याने तू सगळ्यात जास्त दुखावली गेलीयस असं मला पत्रावरनं वाटलं. तुझ्या थिअरीच्या तासाला हठप्रदीपिका, हठयोगाचा जुना ग्रंथ, असेलच. पहिल्याच उपदेशात योग कशाने बिघडतो त्या सहा गोष्टी दिल्यात, अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. दुसरी बघ, प्रयास. शरीराला झेपत नाही इतकं रेटणं. म्हणजे ज्या परंपरेचं नाव घेऊन तुला दाबलं गेलं तीच परंपरा रेटू नको म्हणतेय. पतंजलींचंही तसंच, योगसूत्रं १९५ (काही पाठांत १९६), त्यातली आसनावर सरळ बोलणारी मोजून तीन, आणि त्यातलं पहिलं स्थिरसुखमासनम्, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं हवं, दुसऱ्यात तर प्रयत्न सैल करायला सांगितलंय. आणि प्रश्न विचारणं म्हणजे अहंकार असं आपल्याकडे कधीच नव्हतं. लोणावळ्याला कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं ते बघायला एक्स-रे काढले, दाब मोजले, आणि त्याच वर्षी ते छापायला नियतकालिक सुरू केलं. एवढा मोठा साधक "असं का होतं" म्हणून यंत्र लावून बसतो, मग तुला "इथे का दुखतं" एवढं विचारायचा हक्क नाही? कदाचित सर घाईत बोलले असतील, २२ जणांच्या क्लासमध्ये होतं तसं, पण वाक्य चुकीचंच आहे आणि ते मनात धरून ठेवू नकोस.

आता मूळ मुद्द्यावर येते. तू तिथे गेलीयस ते आसनं करून दाखवायला नाही, शिकवायला शिकायला गेलीयस. ऐकायला साधं वाटतं पण कोर्सच्या पहिल्या आठवड्यात हे सगळेच विसरतात, कारण दिवसाची सुरुवातच मॅटवर होते, शेजारची चटकन चक्रासनात जाते आणि आपण मनातल्या मनात परीक्षेला बसतो. तुझ्या कॉलनीतल्या ज्या बायका तुझ्याकडे येणार आहेत त्यांचा विचार कर ना. एकीचा गुडघा धरलेला, एकीला बीपीची गोळी चालू, एकीचं सिझेरियन झालेलं आणि कंबर तेव्हापासून दुखते, एकीची पाळी जायच्या बेतात, रात्री घाम फुटून झोप मोडते. यातली एकही तुला हनुमानासन मागणार नाही. तिला खाली बसून उठायचं कसं ते हवंय. हात पावलांना न पोचणाऱ्या बाईला पश्चिमोत्तानासनात काय वाटतं, कुठे श्वास अडकतो, कुठे लाज वाटते, हे तुला आतून माहितेय, आणि त्या चक्रासनवालीला ते अजून शिकायचंय. म्हणून रोज सकाळच्या प्रॅक्टिसनंतर दोन ओळी वहीत लिही, आज मला काय जमलं नाही आणि कशाने थोडं सोपं झालं. ब्लँकेटने, भिंतीने, गुडघा वाकवून, पट्ट्याने, की श्वास सोडून. २८ दिवसांनी ती वही तुझ्या मॅन्युअलपेक्षा जास्त कामाची असेल.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले तेव्हा १८ वर्षांचे होते. लहानपण आजारपणात गेलेलं, मराठी येत नाही, आणि समोर डेक्कन जिमखान्यावरची कमावलेल्या अंगाची तरुण मुलं. पुढे त्यांच्याच पद्धतीने ब्लँकेट, पट्टा, खुर्ची, विटा घेऊन आखडलेल्या आणि आजारी माणसांना आसनात बसवलं. मला हे नेहमी आठवतं, कारण ज्याचं शरीर जन्मतःच लवचिक आहे त्याला खुर्ची घेऊन सर्वांगासन करावं असं सुचलं असतं का, मला नाही वाटत.

ताडासनाचं बोलूया. तू म्हणतेस "नुसतं" ताडासन, पण शिकवायला ताडासन सगळ्यात अवघड आहे बाई, कारण बघायला काहीच होत नसतं आणि सांगायला खूप असतं. डावं-उजवं का चुकतं, तर आपण समोर तोंड करून उभे असतो. समोरच्यांना उजवा हात वर करायला सांगताना आपण आपला डावा करायचा असतो, आरशासारखं, आणि तोंडाने "उजवा" म्हणायचं असतं. हे डोक्याने जमत नाही, सवयीनेच जमतं. दात घासताना, जिना चढताना, आंघोळीला रांगेत उभी असताना करत राहा, डावा हात हलवायचा आणि तोंडाने उजवा म्हणायचं, चार-पाच दिवसांत बसतं. तोवर सरळ त्यांच्याकडे पाठ करून उभी राहा, किंवा बाजू न सांगता "खिडकीकडचा हात, दाराकडचा हात" म्हण, मी अजूनही नव्या बॅचला असंच सांगते.

आणि सूचना पाठ करू नकोस, क्रम पक्का कर. आधी जमिनीला काय टेकलंय, मग तिथून वर, शेवटी श्वास. एका वाक्यात एकच काम. "पावलांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. टाच आणि पंजा, दोन्हीवर सारखं वजन द्या. गुडघ्याच्या वाट्या वर खेचा. छाती उघडा. खांदे कानांपासून लांब. आता श्वास." बस. मग गप्प राहून बघ. नव्या शिक्षकाला शांतता सहन होत नाही, तो बोलतच सुटतो, आणि बोलताना दिसत काहीच नाही. तू वाक्य संपलं की एक पूर्ण श्वास थांब आणि समोरच्याची पावलं बघ, चेहरा नाही. हे सगळं आधी मराठीत लिही, मराठीत मोठ्याने म्हण, आणि मग त्यातली आठ-दहा वाक्यं इंग्लिशमध्ये कर. तुझी भीती इंग्लिशची नाहीये, एकाच वेळी आसन, श्वास, डावं-उजवं आणि परकी भाषा या चार गोष्टी सांभाळायची आहे. एकेक करून सांभाळ.

मुलीच्या फोनचं मला खूप वाटलं. ११ वर्षांची आहे ना, मग तिलाच कामाला लाव. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन स्पीकरवर, आणि नुसत्या आवाजावर तिला ताडासनात उभी कर. मग वृक्षासन. ती म्हणेल आई, कळलं नाही, कुठला पाय, आणि तेच तुला हवंय, कारण तुझ्या सूचनेत भोक कुठे आहे ते बॅचमधलं कुणी तोंडावर सांगत नाही, मुलगी सांगते. धाकट्यालाही मध्ये घे. सासूबाई खुर्चीत बसल्या असतील तर त्यांना तिथल्या तिथे हात वर करायला सांग, कॉलनीतल्या तुझ्या पहिल्या विद्यार्थिनी त्याच असतील कदाचित. दहा मिनिटं होतील, फोन ठेवताना दोघींच्या डोळ्यात पाणी असेलही, असू दे, पण बोलायला "कधी येणार" याच्यापलीकडे काहीतरी असेल.

ॲनाटॉमी. सगळं समजायलाच हवं असा हट्ट सोड, आधी चार जागा धर, मणका, खांदा, खुबा, गुडघा. मानेचे ७ मणके, छातीमागचे १२, कमरेचे ५, कुठला भाग कशात जास्त हलतो एवढं आधी बघ. खुब्याची वाटी आणि मांडीच्या हाडाचं डोकं माणसागणिक वेगळ्या आकाराचं असतं, म्हणून काही जणांची पद्मासनात मांडी वीस वर्षं केली तरी बसत नाही, हाडालाच हाड अडतं. आणि पाय बाहेर वळायला हवा तो खुब्यातून, तो नाही वळला की त्याची किंमत गुडघा मोजतो. एवढं जरी कोर्समधून घेऊन आलीस तरी कॉलनीतले पाच-सहा गुडघे वाचवशील. रात्री उद्याच्या तासाचे दहा शब्द मॅन्युअलमधून बघून ठेव, समोर मराठी लिही, तास निम्मा सोपा होतो.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल, संस्कृत नावांमध्ये बाकीचे गटांगळ्या खात असतील. तुला अधोमुख म्हणजे काय, श्वान म्हणजे काय, जानु, शीर्ष, अर्ध, मत्स्य, वृक्ष हे कुणी सांगावं लागत नाही. पश्चिमोत्तानासनात पश्चिम म्हणजे शरीराची मागची बाजू, पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या माणसाची पाठ, हे तू एका वाक्यात समजावशील. शेजारच्या मुलीला सांग, मी तुला रोज पाच नावं फोड करून शिकवते, तू मला पाच स्नायू शिकव. एकीशी मैत्री झाली की २२ जणांची गर्दी एकदम कमी वाटायला लागते. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आहे का जवळ? नसला तर नवऱ्याला फोटो पाठवायला सांग. आसन कसं घालायचं, मूळबंध कसा लागतो, सगळं माउलींनी आपल्या भाषेत सांगितलंय, योगाला पंथराज म्हणतात ते. दिवसभर इंग्लिश ऐकून डोकं भणभणलं की झोपायच्या आधी चार ओव्या वाच.

या नाहीतर पुढच्या आठवड्यात शुद्धिक्रिया सुरू होतील. जलनेती (एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घेऊन दुसरीतून काढणं) करच, ऋषिकेशच्या थंडीत नाक चोंदलं असेल तर बरंच वाटेल, पण पाणी उकळून कोमट केलेलं हवं, अर्ध्या लिटरला साधारण पाऊण-एक चहाचा चमचा मीठ, आणि झाल्यावर पुढे वाकून नाक कोरडं करायचं ते गुडघे वाकवून (तुझ्या बाबतीत तर नक्कीच) आणि एक नाकपुडी दाबून जोरात फुंकर न मारता, नाहीतर पाणी कानाकडे जातं. वमनाच्या (पाणी पिऊन उलटी काढायच्या) वेळी बीपी, अल्सर, हर्निया असं काही असेल किंवा पाळी चालू असेल तर नको म्हण. पाळीत जोरकस कपालभाती आणि शीर्षासनासारखी उलटी आसनंही ठेवून दे. कुणीतरी बघून शिकायचंच असतं, त्या दिवशी तू बघ.

खाणं. दोन चपात्या आणि वाटीभर डाळ यावर रोज तीन तास आसनं आणि पाच-सहा तास वर्ग होत नाहीत, आणि बायका ग्रुपमध्ये असल्या की हमखास कमी खातात. मिताहार म्हणजे उपाशी राहणं नव्हे. हठप्रदीपिकेत पोटाचा एक चतुर्थांश रिकामा ठेवायला सांगितलाय, म्हणजे तीन भाग भरायचेत, आणि अन्न स्निग्ध हवं असंही लगेच म्हटलंय. तूप मागून घे, दूध-दही घे, तपोवनात बाजारात दाणे-गूळ मिळेल तो खोलीत ठेव. साताऱ्याहून कंदी पेढे नेले असतील तर सगळे वाटून टाकू नकोस, पहाटे एक खाऊन क्लासला जा. घाम खूप येत असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ, लिंबू, साखर. आणि रविवारी सगळे पहाटे तीनला उठून कुंजापुरीच्या डोंगरावरच्या देवळात सूर्योदय बघायला जातील, राफ्टिंगला जातील. या रविवारी तू जाऊ नकोस. झोप. कपडे धू, केसांना तेल लाव, संध्याकाळी घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बस, फार पुढे जाऊ नकोस कारण ओढ जबरदस्त असते. रडू आलं तर तिथे रड. घर, मुलं, नोकरी सोडून पहिल्यांदाच इतके दिवस फक्त स्वतःबरोबर आहेस, शवासनातही रडू येईल, येऊ दे, त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न, परत येऊ का. माझं स्पष्ट मत सांगते. गुडघे वाकवून, दाब न घेता चार-पाच दिवस काढूनही ते दुखणं वाढतच असेल, किंवा तू सांगूनही तुझ्या शरीराला हात लावणं थांबत नसेल, किंवा दुखत असतानाही आसन "पूर्ण" केल्याशिवाय पास करणार नाही असं कुणी म्हणालं, तर खुशाल ये. त्यात हरणं-बिरणं काही नाही. निघायच्या आधी ऑफिसात लेखी माग की झालेले तास किती आणि उरलेले पुढे कधी पूर्ण करता येतील, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. पण चक्रासन येत नाही, इंग्लिश येत नाही, ताडासनात रडले आणि वय ३९ आहे, या चारांपैकी कशासाठीही बॅग भरू नकोस. सहावा-सातवा दिवस बहुतेकांचा असाच असतो, शरीर दमलेलं, नवलाई संपलेली आणि शेवट अजून दिसत नाही.

सर्टिफिकेटबद्दल थोडंसं, कारण तू पैशाचं लिहिलंयस. २०० तास हे माप अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेचं, जगभरातल्या स्टुडिओंमध्ये ते चालतं, पण तो सरकारी परवाना नाही. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, त्यांच्या परीक्षांना योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, योग वेलनेस इन्स्ट्रक्टर अशा पायऱ्या आहेत. उद्या शाळेत किंवा सरकारी कामात शिकवायचं मनात आलं तर ती परीक्षा दे, आत्ता शिकतेयस त्यातलं बरंच तिथे उपयोगी पडेल. कॉलनीतल्या क्लासला यातलं कुणी काही विचारणार नाही, पण तू मात्र परत आल्यावर लगेच पंधरा जणींचा क्लास उघडू नकोस. दोघी-तिघींपासून सुरुवात कर, पहिल्या दिवशी प्रत्येकीचं बीपी, गुडघे, ऑपरेशनं विचारून लिहून ठेव, आणि साताऱ्यात जो कुणी जुना शिक्षक असेल त्याच्या वर्गात मागे बसून सहा महिने नुसतं बघ तो आखडलेल्या माणसाला काय सांगतो. २८ दिवसांत शिक्षक तयार होत नाही, कुणीच होत नाही, तिथले पंचविशीतलेही नाही. दिशा कळते, आणि तेवढ्यासाठी २८ दिवस चांगले आहेत.

तर उद्या पहाटे, क्लास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी खाली जा आणि सरांना ते वाक्य सांग, आज रात्री आरशासमोर दोनदा मोठ्याने म्हणून ठेव. दोन ब्लँकेट आधीच जागेवर नेऊन ठेव. आणि चार दिवसांनी मला कळव, दुखणं आहे तिथेच आहे, कमी झालंय की खाली सरकलंय, आणि मुलीला वृक्षासनात कुठला पाय ते कळलं का.